खोलीतील आग, दाबातला फरक आणि धुराची वाट : एक प्रश्न

मुलुंडकर (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी मुलुंडमधील एका चौदा मजली इमारतीच्या व्यवस्थापन समितीवर आहे. या वर्षी आमच्या सहाव्या मजल्यावरील एका सदनिकेच्या बेडरूममध्ये आग लागली. घरातली माणसे वेळेत बाहेर पडली, अग्निशमन दल आले, आग त्या खोलीपुरतीच राहिली आणि कोणालाही इजा झाली नाही. आगीचे कारण हा या प्रश्नाचा विषय नाही. वायरिंगची तपासणी आम्ही स्वतंत्रपणे करून घेत आहोत. मला समजून घ्यायचे आहे ते धुराचे वागणे, कारण त्या दिवशी जे दिसले त्याचा अर्थ समितीतील प्रत्येकजण वेगळा लावतो आहे आणि त्यावरूनच आता काही निर्णय घ्यायचे आहेत.

पहिली गोष्ट दाराची. बेडरूमचे दार बंद होते आणि एसी चालू असल्याने खिडकीच्या सरकत्या काचाही लावलेल्या होत्या. जळका वास येताच घरातल्या एकाने दार आत ढकलायचा प्रयत्न केला. कडी लागलेली नव्हती, मूठ फिरत होती, तरीही दार आतून कोणी धरून ठेवल्यासारखे जागचे हलेना. दुसरी गोष्ट धुराची. त्यानंतर काही वेळाने शेजारी अग्निशामक सिलिंडर घेऊन आले, तेव्हा दाराखालून येणारा धूर काही सेकंद बाहेर येई, मग थांबे आणि आलेला धूर पुन्हा आत ओढला जाई. असे वारंवार होत राहिले. त्यांच्यापैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी दार उघडू दिले नाही. ते योग्य होते का, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत चक्रावून टाकणारी वाटते. बाथरूमच्या खिडक्या ज्या डक्टमध्ये उघडतात त्या डक्टमध्ये धूर शिरला होता. असे असूनही आगीच्या लगेच वर असलेल्या सातव्या आणि आठव्या मजल्यांवरच्या घरांत धूर जवळजवळ आला नाही, आणि अकराव्या, बाराव्या व तेराव्या मजल्यांवर मात्र तो बाथरूममधून घरभर पसरला. पावसाचे पाणी आणि कबुतरे यांच्या त्रासामुळे डक्टच्या माथ्यावर आम्ही पूर्वीच पत्रा टाकून घेतलेला आहे, हेही नमूद करतो.

शेवटचा मुद्दा वादाचा आहे. जिन्याच्या माथ्यावरचे गच्चीचे दार कायम उघडे ठेवावे, म्हणजे धूर वर निघून जाईल, असे निम्म्या सदस्यांचे म्हणणे आहे. उरलेल्यांना ते बंद हवे आहे. भौतिकशास्त्राच्या अंगाने कोणी हे नीट समजावून सांगू शकेल का?

अभियांत्रिकी_शिक्षक

खोलीतल्या आगीत दाब दोन वेगवेगळ्या कारणांनी बदलतो. एक कारण तापलेल्या वायूचे प्रसरण आणि दुसरे त्याचा हलकेपणा. ही दोन्ही मनात वेगळी ठेवली की तुमची निरीक्षणे एकेक करून उलगडतात. मी दारापासून सुरुवात करतो. डक्ट आणि गच्चीविषयी येथील वायुवीजन क्षेत्रातील सदस्य माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

बंद खोलीत आग वाढत असते तेव्हा प्रसरणाचा प्रभाव मोठा असतो. वायूंना मिळालेल्या प्रत्येक १ मेगावॅट उष्णतेमागे त्यांना सेकंदाला सुमारे २.८ घनमीटर अधिक जागा लागते. आग अजून लहान आहे आणि भिंती व छताने शोषलेला भाग वजा जाता वायूंना फक्त १०० किलोवॅट मिळत आहेत असे धरू. म्हणजे सेकंदाला ०.२८ घनमीटर वायू खोलीबाहेर पडलाच पाहिजे. दाराखालची फट आणि सरकत्या खिडकीच्या चिरा मिळून २०० चौरस सेंटीमीटर वाट असेल, तर एवढा वायू तिच्यातून जाण्यासाठी आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ३०० पास्कलने जास्त असावा लागतो. वातावरणाचा दाब १,०१,३२५ पास्कल असल्यामुळे ३०० ही संख्या नगण्य वाटेल. परंतु हा जादा दाब १.८ चौरस मीटर दारावर पडला की ५४० न्यूटन बल होते, आणि मूठ बिजागरीच्या विरुद्ध टोकाला असल्यामुळे तिथे त्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे २७ किलो वजनाइतके बल लावावे लागते. आपल्याकडे बेडरूमची दारे खोलीत उघडतात. आतला दाब त्यांना चौकटीवर दाबून धरतो. बाहेरच्या माणसाला ते ढकलता येत नाही, आणि याहून गंभीर बाब अशी की आत अडकलेल्या माणसाला तेच दार स्वतःकडे ओढता येत नाही.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. फिनलंडमध्ये आल्टो विद्यापीठाच्या संशोधकांनी एका जुन्या निवासी इमारतीतील सदनिकेत हेप्टेनसारखे इंधन जाळून प्रत्यक्ष दाब मोजला, तेव्हा तो १,००० पास्कलच्या वर गेलेला आढळला. तिकडे थंडीमुळे घरे हवाबंद बांधतात. आपल्याकडची जुनी घरे, वर झरोका आणि दारावर तावदान असलेली, अशी नसत. पण एसीसाठी रबरी पट्ट्या लावून घट्ट केलेल्या आजच्या बेडरूमा त्या दिशेने चालल्या आहेत, आणि हा बदल दाबाच्या दृष्टीने कोणी विचारात घेत नाही याची मला काळजी वाटते.

आता धुराच्या आत-बाहेर होण्याविषयी. बंद खोलीतला प्राणवायू साधारण १५ टक्क्यांच्या खाली उतरू लागला की ज्वाला मंदावतात. उष्णतेची निर्मिती घटते, भिंती मात्र उष्णता शोषतच राहतात, त्यामुळे वायू थंड होऊन आकसतात. ४०० अंश सेल्सिअसवरून ३०० अंशांवर येताना वायूचे आकारमान सुमारे १५ टक्क्यांनी घटते. ३० घनमीटरच्या खोलीत ही तूट साडेचार घनमीटरची झाली. ती भरून काढण्यासाठी बाहेरची हवा फटींतून आत ओढली जाते. तिच्यातल्या प्राणवायूने आग पुन्हा भडकते, वायू प्रसरण पावतात, धूर बाहेर येतो, प्राणवायू पुन्हा संपतो आणि चक्र चालू राहते. तुमच्या शेजाऱ्यांनी पाहिले ते हेच. याचा अर्थ असा की त्या क्षणी खोलीत उष्णता होती, इंधनाची वाफ भरपूर होती आणि फक्त हवा कमी पडत होती. दार उघडू न देणाऱ्या गृहस्थांचा निर्णय योग्य होता.

दार किंवा खिडकी उघडी असेल तर प्रसरणाचा दाब टिकत नाही आणि हलकेपणाचे गणित पुढे येते. मुंबईतली ३० अंशांची हवा घनमीटरला सुमारे १.१७ किलो भरते, तर ६०० अंशांचा वायू ०.४ किलो. या फरकामुळे उंचीच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे ७.५ पास्कल दाबफरक तयार होतो. पाण्याच्या स्तंभात मोजला तर तो १ मिलीमीटरही भरत नाही. तरीही तेवढ्यावर दारातून दोन प्रवाह चालतात: वरच्या भागातून गरम वायू बाहेर, खालच्या भागातून थंड हवा आत. ज्या उंचीवर आतला आणि बाहेरचा दाब सारखा असतो तिला तटस्थ पातळी म्हणतात. पूर्ण पेटलेल्या खोलीच्या २ मीटर उंच दारात ती जमिनीपासून सुमारे ८० सेंटीमीटरवर येते, कारण बाहेर जाणारा वायू विरळ असल्यामुळे तेवढ्याच वस्तुमानासाठी त्याला अधिक उंची लागते. दाराच्या वरच्या कडेशी त्या वायूचा वेग सेकंदाला साडेसहा मीटरपर्यंत, म्हणजे ताशी २४ किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो. जमिनीलगत आत येणारी हवा सेकंदाला तीन मीटरच्या पुढेमागे असते. धुरातून बाहेर पडताना जमिनीलगत सरपटत जावे असे शिकवतात, ते या खालच्या प्रवाहामुळे.

बोरिवली_पश्चिम

शिक्षक महोदयांचे विवेचन अतिशय उपयुक्त आहे, परंतु एक शंका विचारतो. खोलीत दाब आणि उष्णता साठत असतील, तर खिडकी फोडून त्यांना वाट करून देणे हाच उपाय नव्हे का? आमच्या इमारतीत लागलेल्या एका आगीच्या वेळी जमलेल्या लोकांनी खालून दगड मारून काचा फोडल्या होत्या. धूर लगेच बाहेर पडू लागला आणि सर्वांना हायसे वाटले.

अभियांत्रिकी_शिक्षक

वाट करून दिली की वायू बाहेर जातात, पण जितके जातात जवळपास तितकीच हवा आत येते, आणि हवेअभावी दबलेल्या आगीला तेच हवे असते. जपानमध्ये कुनियो कावागोए यांनी १९५८ मध्ये मांडलेला संबंध अजूनही पहिल्या अंदाजासाठी वापरतात: पूर्ण पेटलेल्या खोलीत सेकंदाला किती किलो हवा शिरते हे काढायचे तर उघड्या भागाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्यावे, त्याला उंचीच्या वर्गमुळाने गुणावे आणि उत्तराचे निम्मे करावे. १.२ मीटर लांब-रुंद खिडकीसाठी हे सुमारे ०.८ किलो भरते. आपल्या घरांत जळणाऱ्या बहुतेक पदार्थांसाठी १ किलो हवेमागे सुमारे ३ मेगाज्यूल उष्णता मुक्त होते. म्हणजे ती एक खिडकी फुटल्याने आगीला २.४ मेगावॅटपर्यंत वाढण्याची मुभा मिळते. २ मीटर उंच आणि ०.९ मीटर रुंद दार उघडले तर हाच आकडा ३.८ मेगावॅट येतो.

या सूत्रात उंचीला वेगळे महत्त्व आहे. सारख्याच क्षेत्रफळाची उभी खिडकी आडव्या खिडकीपेक्षा जास्त हवा आत घेते, कारण दाबफरक उंचीबरोबर वाढतो. जमिनीपासून छतापर्यंत काच असलेल्या नव्या इमारतींच्या बाबतीत हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खिडकी फुटल्यावर बाहेर दिसणारा धूर आणि आतली आग यांच्या वेळेत अंतर असते. बाहेर उभ्या असलेल्यांना धूर निघताना आधी दिसतो. हवा आत पोहोचल्याने आग वाढते ती नंतर. त्यामुळे हायसे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नये.

निवृत्त_अग्निशामक

मी मुंबईत अग्निशमन सेवेत अनेक वर्षे काम केले आहे. वरच्या गणिताशी पूर्ण सहमत असून त्याला प्रत्यक्षातली जोड देतो, कारण नागरिकांनी नेमके काय पाहावे हे फार कमी ठिकाणी लिहिलेले असते.

आम्ही आगीच्या जागी पोहोचल्यावर ज्वाळांआधी धूर पाहतो. तो किती आहे यापेक्षा तो कसा निघतो आहे हे महत्त्वाचे. शांत, सावकाश वर जाणारा धूर बहुधा मूळ आगीपासून दूर आलेला आणि थंड झालेला असतो. फटींतून जोराने, घुसळत, दाट काळा धूर येत असेल तर आत दाब आणि तापमान दोन्ही चढलेले आहेत. खिडकीच्या काचा काळ्या-तपकिरी झालेल्या, ज्वाळा दिसत नाहीत, आणि दाराच्या फटीतून धूर आत-बाहेर होतो आहे, ही सर्वांत धोक्याची स्थिती. अशा खोलीचे दार उघडले की थंड हवा जमिनीलगत आत सरकते, आतल्या न जळलेल्या वायूंत मिसळत जाते, आणि तिला ठिणगी भेटली की ते सगळे मिश्रण एकदम पेट घेऊन दारातून बाहेर फेकले जाते. याला आम्ही बॅकड्राफ्ट म्हणतो. दार उघडल्यापासून तो होईपर्यंत काही सेकंद जातात, कधी त्याहून बराच जास्त वेळ जातो, आणि ह्या मधल्या शांततेमुळेच लोक आत पाऊल टाकतात. ज्यांच्याकडे पाण्याचा भरलेला होज आणि श्वसनसंच नाही त्यांनी असे दार उघडू नये. हातातला सिलिंडर तिथे पुरा पडत नाही.

अजून आग सुरू झाली नसेल तेव्हा करण्यासारखी गोष्ट म्हणजे झोपण्याच्या खोलीचे दार बंद ठेवणे, आणि आग लागल्यावर बाहेर पडताना मागचे दार ओढून घेणे. घरातून पळताना मुख्य दार सताड उघडे टाकलेले मी असंख्य वेळा पाहिले आहे. बाहेरचे जाळीचे सेफ्टी डोअर बंद आणि आतले लाकडी दार उघडे, असेही सर्रास असते. जाळी चोराला अडवते, धुराला नाही. त्या एका उघड्या दारामुळे लॉबी धुराने भरते, लॉबीतून जिना भरतो, आणि मग वरच्या बारा घरांना जिना उरत नाही. २२ ऑगस्ट २०१८ रोजी परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर लागलेल्या आगीत चार जणांचा मृत्यू झाला. तिथेही रहिवाशांची कोंडी केली ती वर चढलेल्या धुराने.

वाऱ्याविषयी कोणी बोललेले नाही, आणि मुंबईत ते टाळून चालणार नाही. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा समोरच्या भिंतीवर सुमारे ६० पास्कल दाब देऊ शकतो. पावसाळ्यात वांद्रे, वरळी किंवा मरीन ड्राइव्हला, आणि उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर कुठेही, असा वारा ही रोजची गोष्ट आहे. शिक्षकांनी सांगितलेला दारातला दाबफरक दहा पास्कलच्या आतला आहे. म्हणजे वाऱ्याच्या बाजूची काच फुटली आणि त्याच वेळी घराचे दार उघडे असले, तर वर धूर बाहेर आणि खाली हवा आत हा सगळा हिशेब मोडतो; दाराची संपूर्ण उंची गरम वायू लॉबीकडे ओकू लागते आणि सरपटत जाणाऱ्यालाही तिथे थारा राहत नाही. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने आणि अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने २००८ मध्ये गव्हर्नर्स आयलंडवरील एका सात मजली रिकाम्या इमारतीत आगी लावून याचा अभ्यास केला होता. दार बंद ठेवण्याने, वाऱ्याच्या बाजूची खिडकी बाहेरून जाड कापडी पडद्याने झाकण्याने आणि बाहेरून थोडे पाणी आत मारण्याने परिस्थिती किती बदलते, हे त्यांनी मोजून दाखवले. बोरिवलीच्या सदस्यांना माझी विनंती आहे की खालून दगड मारणाऱ्यांना पुढच्या वेळी थांबवावे. काच कधी आणि कोणत्या बाजूची फोडायची हे आत पाणी घेऊन उभ्या असलेल्या माणसांशी बोलून ठरते.

वायुवीजन_सल्लागार

डक्ट आणि गच्चीच्या दाराविषयी मी लिहितो. उंच इमारतींच्या जिन्यांना हवेचा दाब देणाऱ्या यंत्रणांचे आराखडे आणि चाचण्या हे माझे काम आहे.

डक्टमध्ये शिरलेला धूर लवकर थंड होतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा गरमच राहतो. तो सरासरी ६० अंशांवर होता असे धरले, तर बाहेरच्या ३० अंशांच्या हवेच्या तुलनेत मीटरला सुमारे १ पास्कल दाबफरक मिळतो. सहाव्या मजल्यापासून माथ्यापर्यंतची उंची २५ मीटर धरल्यास एकूण २५ पास्कल झाले. एका खोलीत जी तटस्थ पातळी दारात असते, ती इथे संपूर्ण डक्टच्या उंचीत कुठेतरी असते. तिच्या खाली डक्टमधला दाब घरांपेक्षा कमी असतो, म्हणून तिथे घरांतली हवा बाथरूमच्या झडपांमधून डक्टमध्ये ओढली जाते. तिच्या वर डक्टमधला दाब घरांपेक्षा जास्त असतो आणि धूर घरांत ढकलला जातो. माथा पत्र्याने बंद आणि मजल्यामजल्यावरच्या झडपा साधारण सारख्या, अशा स्थितीत तटस्थ पातळी धुराच्या स्तंभाच्या मध्याजवळ, म्हणजे तुमच्या दहाव्या मजल्याच्या आसपास येते. सातवा आणि आठवा का वाचला आणि अकरावा, बारावा, तेरावा का भरला, याचे हे उत्तर आहे. एखाद्या घरात एक्झॉस्ट फॅन चालू असता तर त्या घरापुरते चित्र बदलले असते, पण ठोकळ रचना हीच.

डक्टचा माथा मोकळा असता तर तटस्थ पातळी जवळपास माथ्यापर्यंत सरकली असती, बहुतेक सर्व मजल्यांवर प्रवाह घरांकडून डक्टकडे राहिला असता आणि धूर वरून निघून गेला असता. तरीही पत्रा काढून टाका असे मी म्हणत नाही. पाऊस आणि कबुतरे हे खरे प्रश्न आहेत. पत्रा डक्टच्या कठड्यापासून पुरेसा उंच उचला आणि चारही बाजूंनी जाळी लावा. ही बाजूंची मोकळी जागा मिळून डक्टच्या आडव्या छेदापेक्षा कमी असू नये. याहून महत्त्वाचे म्हणजे विजेच्या केबलींचा डक्ट हा वेगळा विषय आहे: तो प्रत्येक मजल्यावर आग रोखणाऱ्या पदार्थाने बुजवलेला असला पाहिजे, त्याला धुराड्याचे काम करूच देता कामा नये. केबल टाकणारे ठेकेदार प्रत्येक नव्या जोडणीला हे बूच फोडतात आणि तसेच सोडून जातात, हे मी वारंवार पाहिले आहे. तुमच्या इमारतीत आज टॉर्च घेऊन प्रत्येक मजल्याचे डक्टचे दार उघडून पाहा.

जिना हा मात्र डक्ट नव्हे, कारण त्यातून माणसे उतरतात. इथे धूर वर निघून जाणे हे उद्दिष्ट चुकीचे आहे. धूर आत न येणे हे उद्दिष्ट हवे. गच्चीचे दार सताड उघडे आणि जिन्यात थोडा गरम धूर शिरलेला, अशी कल्पना करा. तटस्थ पातळी वर सरकते, जिन्याचा खालचा बहुतेक भाग लॉबींपेक्षा कमी दाबाखाली येतो, आणि आग लागलेल्या मजल्यावरचा धूर अधिक जोराने जिन्यात ओढला जातो. वरच्या मजल्यांवरच्या माणसांनी ज्या वाटेने उतरायचे, नेमकी तीच आपण धुराचे धुराडे करून ठेवतो. त्यात गच्चीचे दार वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला असले तर वाऱ्याची ओढही भर घालते. म्हणून माझे मत असे की गच्चीचे दार आपोआप बंद होणारे असावे, बंद राहावे, पण त्याला कुलूप कधीही नसावे. आग आटोक्यात आल्यावर, घराचे दार बंद झाल्यावर, साचलेला धूर काढण्यासाठी ते उघडायचे की नाही हे त्या वेळी अग्निशमन अधिकारी ठरवतील.

मुंबईच्या हवामानाचा एक फायदा इथे सांगण्यासारखा आहे. थंड प्रदेशांत हिवाळ्यात जिना गरम आणि बाहेर गोठणबिंदूखाली, त्यामुळे आग नसतानाही धुराड्याचा परिणाम जोरदार असतो. आपल्याकडे एसी नसलेला जिना आणि बाहेरची हवा जवळपास सारख्याच तापमानाची असतात. म्हणजे तुमच्या जिन्यात ओढ निर्माण होते ती बव्हंशी धूर आत शिरल्यावर. पहिला धूर अडवला तर मोठा भाग जिंकला, आणि तो अडवायचा तर लॉबीच्या व घरांच्या दारांना डोअर क्लोजर, म्हणजे दार आपोआप लावून घेणारे उपकरण, असण्याला पर्याय नाही.

मुलुंडकर

सर्वांचे मनापासून आभार. दहाव्या मजल्याविषयीचे स्पष्टीकरण मी आज तेथील रहिवाशांशी बोलून पडताळले. त्यांच्याकडे बाथरूममध्ये वास आला, पण धूर ना धड आत आला ना बाहेर गेला, असे ते म्हणाले. हे तुमच्या विवेचनाशी जुळते.

आणखी एक विचारतो. आमच्या जिन्याला दाब देणारा पंखा बसवलेला आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावयाचे प्रमाणपत्र आम्हाला परवानाधारक संस्थेकडून मिळते. मात्र चाचणी म्हणजे पंखा सुरू करून आवाज ऐकणे, एवढेच होताना मी पाहिले आहे. आम्ही नेमके काय तपासायला सांगावे?

वायुवीजन_सल्लागार

पंखा फिरतो आहे यावरून जिन्यात दाब आहे हे सिद्ध होत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या भाग ४ मध्ये बंदिस्त जिन्यासाठी ५० पास्कल आणि त्याला लागून असलेल्या लॉबीसाठी २५ ते ३० पास्कल दाबफरक सांगितला आहे. जिना, लॉबी, घर अशी दाबाची उतरंड राहिली तरच हवा जिन्याकडून आगीकडे वाहते. त्यामुळे पहिली मागणी अशी करा की सर्व दारे बंद असताना तळाशी, मध्यावर आणि वरच्या मजल्यावर मॅनोमीटरने दाबफरक मोजून लिहून द्यावा. पंखा गच्चीवर असेल आणि हवा एकाच ठिकाणी सोडली जात असेल, तर वर खूप आणि खाली जवळजवळ शून्य, असे आढळणे नेहमीचे आहे.

दुसरी मागणी दारे उघडी ठेवून मोजण्याची. सगळी दारे बंद असताना ५० पास्कल दाखवणारा पंखा एक-दोन दारे उघडताच हतबल होऊ शकतो, आणि प्रत्यक्ष आगीत माणसे दारांतून ये-जा करत असतातच. उघड्या दारातून जिन्याकडून लॉबीकडे हवेचा पुरेसा वेग राहिला पाहिजे. युरोपीय मानकाच्या २००५ च्या आवृत्तीत रहिवाशांच्या सुटकेसाठी तो सेकंदाला ०.७५ मीटर आणि अग्निशामकांच्या कामासाठी २ मीटर धरला होता. वेगमापक यंत्र नसेल तर उघड्या दारात कागदाची हलकी पट्टी वेगवेगळ्या उंचीवर धरून निदान दिशा तरी पाहता येते. दाराच्या वरच्या कडेशी पट्टी जिन्याच्या बाजूला झुकली, तर तिथून धूर आत येणार हे निश्चित समजा.

तिसरी गोष्ट उलट टोकाची आहे. ५० पास्कलला दाराच्या मुठीवर साडेचार किलोच्या आसपास बल येते, त्यात डोअर क्लोजरचे बल मिळवले तरी ते प्रौढ माणसाला झेपते. पण जादा दाब सोडणारी झडप अडकलेली असेल आणि दाब १५० पास्कलवर गेला, तर वृद्धांना आणि मुलांना लॉबीतून जिन्यात शिरण्याचे दारच उघडता येणार नाही. म्हणून स्प्रिंगचा काटा मुठीला अडकवून प्रत्यक्ष बल मोजून घ्या, आणि ते मोजताना तुमच्या इमारतीतल्या एखाद्या ज्येष्ठ रहिवाशांना दार उघडून पाहायला सांगा.

पंख्याची हवा कुठून घेतली जाते हेही पाहा. काही इमारतींत ती वाहनतळाजवळून किंवा तळमजल्यावरच्या दुकानांच्या माथ्यावरून घेतलेली असते. तिथेच आग लागली तर हा पंखा संपूर्ण जिन्यात स्वतः धूर भरेल. हवा घेण्याच्या तोंडाशी धूरशोधक असावा आणि धूर लागताच पंखा बंद व्हावा, अशी जोडणी आहे का, हे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या.

निवृत्त_अग्निशामक

वरील सर्व मोजणी होईल तेव्हा लॉबीतली आणि जिन्यातली दारे विटा, कुंड्या किंवा चपलांचे रॅक लावून अडवलेली नाहीत ना, हे आधी पाहून घ्या. आणि शक्य असेल तर जवळच्या अग्निशमन केंद्राला चाचणीची वेळ कळवा. आमची माणसे इमारत आधी पाहून गेलेली असली की गच्चीचे दार, डक्ट आणि पंख्याचा स्विच कुठे आहे हे त्यांना रात्री अंधारात शोधावे लागत नाही.